श्वास समजून घेताना आणि शिकवताना या चुका टाळा

नाशिक शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून मी पुष्कळ वर्षे जात आहे. श्वसनसंस्थेची प्रतिकृती नाही असे प्रदर्शन मला अजून आढळलेले नाही आणि त्या प्रतिकृतीशेजारी उभे राहून विद्यार्थी जे पहिले वाक्य म्हणतो, त्यातच बहुतेक वेळा पहिली चूक असते: ‘आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो.’

आपण आत घेतो ती हवा. तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, जवळपास १ टक्का आरगॉन आणि अवघा ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. उच्छ्वासातही नायट्रोजन जवळजवळ तेवढाच राहतो, ऑक्सिजन १६ ते १७ टक्के उरतो आणि कार्बन डायऑक्साइड ४ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढतो. म्हणजे बाहेर टाकलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइडच्या तिपटीहून अधिक ऑक्सिजन असतो. तसे नसते, तर बेशुद्ध माणसाला तोंडाने श्वास देऊन वाचवताच आले नसते. हे आकडे मी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेत नाही, फळ्यावर दोन उभे स्तंभ काढून शेजारी शेजारी लिहून घेतो, कारण फरक किती लहान आहे हे डोळ्यांना दिसल्याशिवाय ते वाक्य तोंडातून जात नाही.

हा फरक सिद्ध करण्यासाठी चुन्याच्या निवळीचा प्रयोग असतो आणि तोच सर्वांत जास्त बिघडतो. शहराबाहेरच्या एका शाळेत आठवीतली एक मुलगी परीक्षानळीत नळीने फुंकत होती. निवळी दोन दिवसांपूर्वी करून उघड्या चंचुपात्रात ठेवलेली होती आणि तिच्यावर पांढरा पापुद्रा आलेला होता, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तिच्यातला चुना बराचसा आधीच संपलेला होता. मुलगी फुंकत राहिली, पाणी काही गढूळ होईना. परीक्षक समोर उभे आहेत म्हणून तिने जोर वाढवला आणि थोड्या वेळाने डोके धरून खाली बसली. तेवढ्यात तिच्या शिक्षकांनी ताजा चुना आणून परीक्षानळीत टाकला व ढवळला. पाणी लगेच दुधाळ झाले आणि ‘झाला बघा प्रयोग’ असे त्यांनी मला सांगितले. त्या दुधाळपणाचा श्वासाशी काहीही संबंध नव्हता. असे शॉर्टकट मला मनापासून नकोसे वाटतात, कारण त्यातून मुले एवढेच शिकतात की उत्तर आधी ठरवायचे आणि पुरावा नंतर तयार करायचा.

माझी सवय साधी आहे. आदल्या रात्री लहान बाटली गळ्यापर्यंत पाण्याने भरून तिच्यात चमचाभर चुना टाकतो, हलवतो, घट्ट बूच लावतो आणि सकाळी वरचे स्वच्छ पाणी गाळून लगेच वापरतो. दोन परीक्षानळ्यांत सारखी निवळी घेतो. एकीत विद्यार्थी फुंकतो, दुसरीत माशांच्या टाकीच्या पंपाने वर्गातली हवा सोडतो. पहिली लवकर गढूळ होते, दुसरीला फार वेळ लागतो. ही दुसरी परीक्षानळी नसेल, तर उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड आहे एवढेच कळते. आत घेतलेल्या हवेपेक्षा तो जास्त आहे हे कळत नाही. नळीतून ओढायचे नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे सांगावे, कारण निवळी तोंडात गेली तर तोंड भाजते.

ती मुलगी का बसली, हे तिच्या शिक्षकांना सांगता आले नाही, आणि माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याने लागत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतले श्वसनकेंद्र ती लावते. जोरजोरात श्वासोच्छ्वास केला की हा वायू प्रमाणाबाहेर निघून जातो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाच्या धमन्यांतले हिमोग्लोबिन आधीच ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक विद्यार्थी मित्रांशी पैज लावून पाण्याखालून तलावाची लांबी पार करायला निघाला. ‘ऑक्सिजन भरून घेतो’ असे म्हणून त्याने आधी वीस-पंचवीस वेगवान खोल श्वास घेतले. अर्ध्या वाटेवर तो थांबला. हातपाय झाडणे नाही, वर येण्याची धडपड नाही. जीवरक्षकाचे लक्ष होते म्हणून तो वाचला. नंतर तो मला म्हणाला, ‘सर, दम लागलाच नव्हता.’ दम लागणार कसा? कार्बन डायऑक्साइड त्याने आधीच घालवून टाकला होता, त्यामुळे इशारा मिळण्याआधीच ऑक्सिजन संपला आणि शुद्ध गेली. तेव्हापासून श्वसनाचा धडा मी या घटनेपासूनच सुरू करतो आणि पोहायला जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला बजावतो की बुडी मारण्याआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, आणि एकट्याने बुडी मारायचीच नाही.

हिवाळ्यात पहाटे गोदाकाठी तोंडातून निघणारा ‘धूर’ म्हणजे कार्बन डायऑक्साइड नव्हे. तो वायू रंगहीन आहे; दिसतात ते उच्छ्वासातल्या बाष्पाचे गार हवेत झालेले सूक्ष्म थेंब.

कळसूबाईवर ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते, हेही चूक. १६४६ मीटर उंचीवरही ते २१ टक्केच असते. हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी घटतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे रेणू कमी येतात.

बाटली आणि फुग्याच्या प्रतिकृतीत फुगा हलत नसेल, तर गळती शोधा. मी बाटली पाण्यात बुडवून, पंक्चर काढणारे ट्यूब तपासतात तसे बुडबुडे पाहतो. बाटली हाताने दाबून फुगा हलवून दाखवू नये, कारण छातीत हवा ढकलली जात नाही. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, आतला दाब कमी होतो आणि हवा आपोआप आत येते.

गोल्फ क्लब मैदानावर धावायला नुकतीच सुरुवात केलेले अनेक जण दम लागला की उथळ आणि भराभर श्वास घेतात. विश्रांतीच्या वेळी एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा येते, पण त्यातली सुमारे १५० मिलिलिटर श्वासमार्गातच राहते व वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, पोहोचत नाही. मिनिटाला ५०० मिलिलिटरचे १२ श्वास घेतले तर वायुकोशांना ४.२ लिटर हवा मिळते. २५० मिलिलिटरचे २४ श्वास घेतले तर एकूण हवा तेवढीच, ६ लिटर, पण वायुकोशांपर्यंत केवळ २.४ लिटर जाते. हा हिशेब मी प्रत्येकाला स्वतः मांडायला लावतो.

शेवटची चूक श्वास मोजतानाची. ‘तुझे श्वास मोजतो’ असे सांगितले की समोरच्याची लय बदलते, म्हणून मी मनगट धरून नाडी पाहत असल्यासारखे करतो, नजर मात्र छातीवर ठेवतो आणि पूर्ण एक मिनिट मोजतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणत नाही.