पोट बिघडलं की आधी घड्याळ बघा, गोळी नंतर: या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे शेवटचं जे खाल्लं त्याच्यावरच खापर फोडायचं. रात्री जुलाब लागले की "संध्याकाळची पाणीपुरी बाधली", विषय संपला. अहो, वेळ बघा ना. बासुंदी, पेढे, पनीर उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिलं आणि त्यात स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूचं विष तयार झालं तर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, ताप बहुतेक नसतो, आणि ते विष परत उकळूनही जात नाही, त्यामुळे "गरम करून घेतलं होतं" याला काही अर्थ उरत नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताचंही तेच. साल्मोनेला या जंतूला सहा तासांपासून पार तीन दिवस लागू शकतात, टायफॉइडला तर आठवडा-दोन आठवडे. म्हणून मी आधी मागच्या तीन दिवसांचं खाणं विचारते, बरोबर जेवलेल्यांपैकी अजून कुणाला त्रास झाला ते विचारते, मग औषध लिहायला पेन उचलते.

दुसरी चूक धारोष्ण दुधाची, यावर मी कितीही वेळ बोलू शकते. गोठा असलेल्या घरातला एक तरुण मुलगा आला, ताप महिनोन्‌महिने येतोय-जातोय, रात्री घामाने अंथरूण ओलं, कंबर धरलेली. प्रत्येक ठिकाणी विडाल टेस्ट (टायफॉइडसाठीची रक्ततपासणी), ती पॉझिटिव्ह, की टायफॉइड म्हणून सलाईन आणि इंजेक्शनं, चार दिवस बरं आणि परत तेच. नुसत्या एका विडालवर टायफॉइड ठरवू नये हे किती वेळा सांगायचं? गोठ्याचं विचारलं तर कळलं की गाय गाभडली होती, वार यानेच उघड्या हातांनी काढली होती, आणि कच्चं दूध रोजचं. तपासणीत ब्रुसेला निघाला, म्हणजे जनावरांकडून आणि कच्च्या दुधातून माणसात येणारा जंतू. डॉक्सीसायक्लीन आणि रिफाम्पिसिन, पूर्ण सहा आठवडे. इथेच लोक घाई करतात, ताप उतरला की गोळ्या बंद, आणि आजार उलटतो. घरातल्या बाकीच्यांनाही तपासा, गाभडलेल्या गाईची तपासणी करून घ्या, चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना लस टोचून घ्या, आणि दूध उकळूनच प्या, गाय घरची असली तरी.

ओआरएसचं (जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पावडरचं) पाकीट अर्ध्या ग्लासात कालवून देऊ नका, मीठ जास्त होऊन लहान मुलाला उलट अपाय होतो. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने परत द्या. टेट्रापॅकमधलं गोड ड्रिंक म्हणजे ओआरएस नव्हे.

मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका, बहुतेक जुलाबांना ते लागतच नाही. शौचातून रक्त आणि ताप असेल तर जुलाब थांबवायची गोळी अजिबात नको. अंगावरचं दूध बंद करू नका. जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरच्या मुलांना झिंक रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस, मध्येच सोडायचं नाही.

रक्त पडतंय, सहा-आठ तास लघवी नाही, मूल सुस्त पडलंय किंवा पाणीही टिकत नाहीये, एकाचं दोन दिसतंय, किंवा गरोदर बाईला ताप आहे, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.