पायाच्या जुन्या जखमेचं दुखणं: या चुका टाळा

घोट्याच्या वर महिनोन्‌महिने चिघळणारी जखम असेल, तर ड्रेसिंगचा दिवस उजाडला की म्हातारं माणूस आधीच पाय आखडून बसतं. घरच्यांना वाटतं, मलम आणखी जोरदार हवं. बऱ्याचदा मलम ठीक असतं, चुकते ती वेळ.

लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी 2.5 टक्के असलेलं बधिर करणारं क्रीम घ्या. ते लावून पाच मिनिटांत जखम साफ करायला घेतली, तर माणूस ओरडणारच. जाडसर थर, वर प्लास्टिकची फिल्म, आणि किमान 30 मिनिटं थांबायचं. कधी 60 लागतात. फिल्म काढली की साफसफाई लगेच. एका वेळी 10 ग्रॅमच्या वर जायचं नाही, कारण उघड्या जखमेतून औषध रक्तात उतरतं. ओठ निळसर दिसले तर तातडीने डॉक्टरकडे. आणि हे क्रीम मृत भाग काढण्यापुरतंच, रोजच्या ठणक्यासाठी नव्हे.

वाळलेलं गॉज ओढून काढणं हा तर छळच! कोमट सलाईनने भिजवा, सुटेपर्यंत थांबा. पुन्हा पुन्हा चिकटत असेल तर सिलिकॉनचं ड्रेसिंग मागा. पॅरासिटामॉल चालत असेल तर तेही तासभर आधी द्यावं, नंतर नाही.

कापूर-मेंथॉलचा बाम जखमेवर किंवा तिच्या कडेला लावू नका. अशा पायांची त्वचा चटकन बिथरते. मलमांतलं निओमायसिन (प्रतिजैविक), लॅनोलिन (लोकरीतलं मेण), बेंझोकेन (बधिर करणारं औषध) यांचीही ॲलर्जी होऊ शकते, आणि मग ती लाली संसर्ग समजून आणखी मलमं थापली जातात.

खरी चूक मात्र दुखण्याचं मूळ न शोधण्याची. पाय उंच ठेवल्यावर बरं वाटत असेल तर दोष बहुधा शिरांचा. तिथे योग्य दाबाची पट्टी हाच मोठा वेदनाशामक. पण रात्री पाय पलंगाखाली सोडल्यावरच आराम पडत असेल, तर रक्तपुरवठा कमी असू शकतो. अशा पायाला घट्ट पट्टी घातक. म्हणून आधी घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर मोजून घ्या, 0.8 च्या खाली आलं तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय पट्टी नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाला 'दुखतंय का?' विचारून भागत नाही. चेहरा पाहा, हात झटकतो का पाहा. दुखणं अचानक वाढलं, वास किंवा स्राव बदलला, तर मलम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी जखम दाखवा.