पहिलं ऑफिस घेताय? आधी प्लग पॉइंट मोजा

घरातून धंदा सुरू केला की सुरुवातीला सगळं चालून जातं, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप, पलंगाखाली माल. मग एक माणूस येतो, दुसरा येतो, आणि एक दिवस बघतो तर कुणीतरी क्लायंटशी बोलायला बाथरूममध्ये जाऊन उभा आहे. झालं, सगळे म्हणायला लागतात आता ऑफिस घ्या.

जरा थांबा. जागा कमी पडतेय की नुसती शांतता कमी पडतेय ते आधी बघा. शांतता को-वर्किंगमध्ये, म्हणजे अनेक जण मिळून वापरतात अशा तयार ऑफिसात, चार खुर्च्या घेऊनही मिळते आणि जमलं नाही तर सोडणंही सोपं. पण माल ठेवायचाय, रोज लोक भेटायला येतात, किंवा पाच-सहा माणसं कायमची बसणार आहेत, तर मात्र स्वतःची जागा बघायला घ्या.

पैशाचं म्हणाल तर नुसत्या भाड्यावर जाऊ नका. डिपॉझिट, मेंटेनन्स, वीज, नेट, साफसफाई, इन्शुरन्स, फर्निचर हे सगळं त्याच्या मागून रांगेत येतं. मी एक साधा उपाय केला होता, सगळं मिळून महिन्याचा जो आकडा येत होता तेवढे पैसे तीन महिने १ तारखेला वेगळ्या खात्यात टाकत गेलो, जणू भाडं सुरूच झालंय. दुसऱ्याच महिन्यात पगाराला ओढाताण झाली तेव्हा कळलं की आपण बघत होतो ती जागा आपल्याला झेपणारी नव्हती, मग छोटी बघितली. आणि साठलेले पैसे डिपॉझिटला उपयोगी पडले ते वेगळंच.

साधारण माणशी ६० ते १०० चौरस फूट धरतात. पण सांगितलेल्या आकड्यात जिना, लॉबी, भिंतींची जाडी असं बरंच काही घुसलेलं असू शकतं, म्हणून टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. ४ बाय २ फुटाचं टेबल आणि खुर्ची मागे सरकवायला निदान ३ फूट, एवढं चिकटपट्टीने जमिनीवर आखून बघा, मधला खांब किती नडतो ते लगेच दिसतं.

जागा दोनदा बघा, त्यातली एक फेरी कामाच्या दिवशी भर दुपारी. लॅपटॉप घेऊन जा आणि तासभर खरंच काम करा. फोनला रेंज येते का, शेजारी मशीन चालतं का, ऊन थेट स्क्रीनवर येतं का, संडासात पाणी आहे का. हसू नका, रंग आणि फरशी बघून जागा घेणारे खूप असतात, मी त्यातलाच.

माझी फजिती प्लग पॉइंटवर झाली. अख्ख्या हॉलमध्ये सहा, आणि आम्ही पाच जण. माणशी लॅपटॉप, मॉनिटर, फोन असे तीन तरी लागतातच, मग एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडत गेलो, जे कधीच करू नये कारण वायर तापते आणि आग लागू शकते. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटच्या आसपास, त्याचं काही नाही, पण लेझर प्रिंटर तापताना काही सेकंद हजार वॉटच्या घरात जातो आणि त्याच लाइनवर किटली लावली की एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की आपोआप बंद होणारा स्विच, पडलाच. आठवडाभर आम्ही ओरडून विचारायचो, "किटली बंद आहे का, प्रिंट देतोय!" शेवटी इलेक्ट्रिशियन बोलावून प्रिंटर आणि किटलीला वेगवेगळ्या लाइन ओढल्या. हे फर्निचर यायच्या आधी करा, नंतर कपाटं हलवत बसावं लागतं.

नेटचं कनेक्शन करार झाला त्याच दिवशी मागा, आणि "एरियात आहे का" असं विचारू नका, "या बिल्डिंगमध्ये, या मजल्यावर लाइन आलीय का" असं विचारा. आम्हाला आठ दिवस सांगितले होते, लागले चोवीस, तेवढे दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढले.

करारनामा पूर्ण वाचा आणि वकिलाला दाखवा. लॉक-इन (म्हणजे जागा सोडता येत नाही तो काळ) किती, नोटीस किती, भाडं कधी आणि किती वाढणार, एसी किंवा पाइप बिघडला तर खर्च कुणाचा. तुमचा धंदा त्या जागेत करायला परवानगी आहे का, सुट्टीच्या दिवशी आत सोडतात का, बोर्ड लावता येतो का हेही लेखी घ्या. फर्निचर लावायच्या काळात भाडं माफ करा असं बिनधास्त मागा, बऱ्याचदा देतात. सोडताना जागा पूर्ववत करून द्यायची अट असेल तर ताबा घेताना प्रत्येक भिंतीचे फोटो तारखेसकट काढून ठेवा.

शिफ्टिंग आठवड्याच्या शेवटी ठेवा. आधी डेटाचा बॅकअप, मग कॉम्प्युटरच्या मागच्या वायरींचा फोटो, मगच वायरी काढा. खोक्यावर नाव बाजूला लिहा, वर लिहिलं तर थप्पीत दिसत नाही. लिफ्टचं दार मोजा, आमचं मोठं टेबल चार मजले जिन्याने चढलं. राउटर, पेचकस, कात्री, साबण हे एका पिशवीत घालून ती स्वतःच्या हातात ठेवा.

पत्ता बदलायची यादी आधीच करा, बँक, टॅक्स, बिलबुक, वेबसाइट, मॅपवरची खूण. तरी काही पार्सलं घरीच येत राहतील, म्हणून घरच्यांना ऑफिसातल्या एका माणसाचा नंबर देऊन ठेवा, नाहीतर भर मीटिंगमध्ये आईचा फोन येतो की खोकं आलंय, सही करू का.