आपल्या भागातले पुरस्कार: हॉल नंतर बुक करा, आधी माणसं शोधा

आमच्या भागात लोकांसाठी राबणाऱ्या माणसांना दरवर्षी पुरस्कार देतात, त्याच्या कमिटीत मी गेली सात वर्षं आहे आणि पहिल्या वर्षी आम्ही जे करून ठेवलं ते आठवलं की अजून लाज वाटते. आधी हॉल बुक केला, मग ट्रॉफ्यांची ऑर्डर दिली, मग पाहुण्यांची तारीख घेतली, आणि पुरस्कार कुणाला द्यायचे हे शेवटच्या आठवड्यात एका मीटिंगमध्ये दहा मिनिटांत उरकलं. नावं कुठली सुचणार, जी रोज डोळ्यासमोर असतात तीच, म्हणजे माइक धरणारी, फोटोत बरोब्बर मधे उभी राहणारी. कार्यक्रम झाला मस्तच. पण नंतर खुर्च्या आवरताना एक आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "वाचनालयाचं कुलूप रोज सकाळी कोण उघडतं, माहितीये का तुम्हाला?" नव्हतं माहिती. एक रिटायर्ड काका अकरा वर्षं रोज उघडत होते, पगार नाही, पद नाही, आणि आमच्या यादीत त्यांचं नाव यायचा प्रश्नच नव्हता कारण कमिटीतलं कुणी त्या वेळेला तिकडे फिरकतच नव्हतं.

तर बारा आणे काम माणसं शोधायचं आहे आणि चार आणे कार्यक्रमाचं, आणि आपण सगळे नेमकं उलटं करतो. खाली जे लिहिलंय ते त्याच हिशोबाने वाचा.

कार्यक्रमाची तारीख धरा आणि तिथून मागे मोजत या. तीन महिने तरी पाहिजेत: नावं मागवायला पाच-सहा आठवडे, खात्री करायला दोन-तीन, ज्युरीला दोन, आणि उरलेले छपाई-धावपळीला. तारीख सुचत नसेल तर ५ डिसेंबर बरी पडते, तो आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन आहे, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९८५ साली ठरवलेला. फक्त परीक्षा आणि निवडणुका बघून घ्या. निवडणुकीच्या तोंडावर तर अजिबात नको, मग पुरस्कार राहतो बाजूला आणि स्टेजवर कोण कुठे बसणार यातच सगळ्यांचा जीव जातो.

कॅटेगऱ्या चार-पाच पुरे. आम्ही एकदा चौदा केल्या होत्या, कुणी नाराज व्हायला नको म्हणून, आणि शेवटी सगळेच नाराज, कारण अकराव्या ट्रॉफीपर्यंत टाळ्या वाजवायला हॉलमध्ये माणसंच उरली नव्हती. आता आम्ही एक तरुणांसाठी ठेवतो, एक वर्षानुवर्षांच्या कामासाठी, एक चांगल्या शेजाऱ्यासाठी, एक पडद्यामागच्या माणसासाठी आणि एक गटासाठी. गटाची विसरू नका. ब्रिटनमध्ये २००२ पासून स्वयंसेवी गटांसाठी वेगळा सन्मान आहे, आधी राणीच्या नावाने होता आता राजाच्या नावाने आहे, आणि तो एकट्यादुकट्या माणसाला मिळतच नाही. त्यात शहाणपण आहे, कारण काम करणार पाच जण आणि ट्रॉफी जाणार एकाच्या शोकेसमध्ये, असं झालं की पुढच्या वर्षी तो गट फुटलेला असतो, आम्ही एक असाच फोडलाय.

एक प्रश्न हमखास येतो, की ज्याला त्या कामाचा पगारच मिळतो त्याला पुरस्कार कशाला. पद्म पुरस्कारांत तर नोकरीत असलेले सरकारी कर्मचारी चालतच नाहीत, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून. तुम्ही एवढं कडक व्हायची गरज नाही, फॉर्मवर एकच ओळ टाका: पगाराच्या किंवा पदाच्या कामापलीकडे या व्यक्तीने काय केलं? नर्सबाई ड्युटी करतात ते ड्युटी म्हणून, पण ड्युटी संपल्यावर अंथरुणाला खिळलेल्या तीन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायला जातात ते यात बसतं.

आता खरी गोष्ट, नावं मागवायची. नुसता ऑनलाइन फॉर्म टाकून ग्रुपवर लिंक फिरवलीत तर ज्यांना फॉर्म भरायची सवय आहे त्यांचीच ओळखीची माणसं येणार, दुसरं कुणी नाही. कागदाचा फॉर्मही ठेवा, दवाखान्यात, शाळेत, वाचनालयात, बसस्टॉपजवळ जिथे कुणी ठेवू देईल तिथे. ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहायचा कंटाळा आहे त्यांना सांगा की व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवा, आम्ही उतरवून घेतो. आमच्याकडची सगळ्यात चांगली दोन नावं अशीच व्हॉइस नोटवरून आलीत, त्यातली एक बाई तर मधेच रडायला लागली होती.

आणि एवढ्यावर थांबू नका, स्वतः फिरा. पोस्टमन, वॉचमन, सफाई कामगार, शाळेच्या बसचे ड्रायव्हर, यांना भागातलं जे माहिती असतं ते आपल्या कमिटीला जन्मात कळत नाही. पण त्यांना विचारताना "पुरस्कार कुणाला द्यावा?" असं विचाराल तर ते एखाद्या नगरसेवकाचं नाहीतर हेडमास्तरांचं नाव सांगून मोकळे होतील, कारण पुरस्कार म्हटलं की मोठी माणसंच आठवतात. विचारायचं असं की रात्री दोन वाजता अडचण आली तर तुम्ही कुणाचं दार वाजवाल? या एका प्रश्नाने आम्हाला जेवढी नावं दिली तेवढी बॅनर लावून मिळाली नाहीत.

स्वतःचं नाव स्वतः पाठवलेलं चालेल का? नोबेलमध्ये अजिबात चालत नाही, पद्म पुरस्कारांत चालतं. माझं मत चालू द्यावं, फक्त दोन बाहेरच्या माणसांनी दुजोरा दिला पाहिजे, घरातल्यांनी नाही. काही लोक खरंच एकटे काम करतात आणि त्यांच्यासाठी लिहिणारं कुणी नसतं.

फॉर्म एका पानाचा. पद्म पुरस्कारांच्या अर्जात कामाची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत मागतात, आपल्याला २००-२५० भरपूर झाले. काय करतात, कधीपासून, कुणाला काय फरक पडला, आणि खात्री करायला दोन जणांची नावं-नंबर, बास. जर तुम्ही कमिटीत नसून कुणाचं नाव पाठवणारे असाल तर एवढं वाचाच. "समाजसेवेची प्रचंड आवड, सदैव मदतीस तत्पर, हसतमुख व्यक्तिमत्त्व" हे लिहू नका. हे कुणाबद्दलही लिहिता येतं आणि ज्युरीने त्या दिवशी तीस फॉर्ममध्ये हेच वाचलेलं असतं. त्याऐवजी लिहा की ताई दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ जिन्याखालच्या जागेत नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतात, चार वर्षं झाली, सुरुवात तीन मुलांवर झाली आता एकोणीस येतात, पावसात जिना गळतो तेव्हा स्वतःच्या घरात बसवतात. वार, वेळ, आकडा आणि एखादा गळका जिना. विशेषणं एकही नाही तरी वाचणारा थांबतो.

ज्याचं नाव पाठवलंय त्याला सांगायचं की नाही यावर दरवर्षी वाद होतो. नोबेलवाले तर कुणाची नावं आली होती ते पन्नास वर्षं बाहेर सोडत नाहीत. आम्ही मधला रस्ता काढलाय, नाव आलं तेव्हा गुपचूप, पण शेवटच्या यादीत आलं की फोन करून विचारायचं. काही जणांना खरंच नको असतं. आणि काही कामं अशी असतात की जाहीर केली तर ज्यांना मदत झाली त्यांची अडचण होते, म्हणजे कुणी दारू सुटलेल्यांच्या घरच्यांसोबत बसतं, कुणी मार खाणाऱ्या बायकांना रात्रीची जागा देतं. तिथे काम सांगा पण माणसं, घर, गल्ली काही सांगू नका.

मग खात्री. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि मग स्टेजवर तोंडघशी पडतात. दिलेल्या दोन नंबरांवर फोन करा आणि तिसरा माणूस स्वतः शोधा, जो फॉर्मवर नाही. त्याला विचारा, उद्या या व्यक्तीने काम सोडलं तर काय बंद पडेल? उत्तर पटकन आलं तर काम खरं. "नाही म्हणजे, तसे चांगले आहेत हो" असं आलं तर समजून जा.

ज्युरी पाच नाहीतर सात जणांची, विषम आकडा, आणि निम्मे तरी कमिटीबाहेरचे. प्रत्येकाने घरी बसून आधी मार्क द्यायचे, लेखी, आणि मगच एकत्र यायचं. हे उलटं केलंत तर पहिला जो मोठ्या आवाजात बोलेल त्याच्या मागे बाकीचे जातात, वयाने मोठा असेल तर विचारायलाच नको. कशाला मार्क? फरक किती पडला, किती काळ टिकून केलं, किती अडचणीत केलं. तिसरं महत्त्वाचं आहे, कारण गाडी आणि मोकळा वेळ असलेल्याने दहा तास देणं आणि दोन नोकऱ्या करणारीने दोन तास देणं यात मला तरी दुसरं जड वाटतं. नातेवाईक, पार्टनर, भाडेकरू कुणीही यादीत असेल तर त्या नावाच्या वेळी ज्युरीतल्या माणसाने खोलीबाहेर जायचं, नुसतं "मी बोलणार नाही" म्हणून खुर्चीत बसून राहायचं नाही. समोर बसलाय म्हटल्यावर बाकीचे काय डोंबल बोलणार.

पब्लिक व्होटिंग ठेवू नका. आम्ही एकदा ठेवलं, आणि जिच्या मुलाचा कॉलेजचा ग्रुप सगळ्यात मोठा होता ती जिंकली, बाई चांगली होती हो, पण तिलाच शेवटी अवघड झालं. लोकांना सामील करून घ्यायचंय तर नावं सुचवण्यात घ्या, निकालात नको. आणि एकाच माणसासाठी चाळीस फॉर्म आले तरी ते एकच नाव धरा, त्यातले बहुतेक कॉपी-पेस्ट असतात.

एखाद्या कॅटेगरीत कुणीच योग्य वाटलं नाही तर त्या वर्षी देऊ नका. १९४८ साली नोबेलच्या समितीने शांततेचा पुरस्कार दिलाच नव्हता, योग्य असा हयात उमेदवार नाही असं सांगून, आणि त्याच वर्षी जानेवारीत गांधीजींची हत्या झालेली होती, म्हणजे एवढ्या मोठ्या ठिकाणी जागा रिकामी ठेवता येते तर आपल्याला काय धाड भरलीये. मरणोत्तर द्यायचा की नाही तेही आधीच लिहून ठेवा. नंतर दुःखात असलेल्या घराला नियम समजावत बसणं फार वाईट.

पैशाचं थोडक्यात. स्पॉन्सर घ्या, बॅनरवर नाव लावा, पण त्याला ज्युरीत बसवू नका आणि त्याच्या माणसाला त्या वर्षी पुरस्कार देऊ नका. विजेत्याकडून रजिस्ट्रेशन, ट्रॉफीचा खर्च, टेबलाचे पैसे असलं काहीही घ्यायचं नाही. तुम्हालाच जर कुणाचा फोन आला की "तुमची निवड झाली आहे, फक्त अमुक रक्कम भरा" तर तो पुरस्कार नाही, ते दुकान आहे.

कार्यक्रम दीड तासाचा. पाहुण्यांना पाच मिनिटं, आणि हे त्यांना आधी सांगा, भाषण चालू असताना चिठ्ठी पाठवू नका. जास्त वेळ मानपत्राला द्या, म्हणजे फार नाही, शंभर-सव्वाशे शब्द, वाचायला साधारण एक मिनिट, पण त्यात तो गळका जिना आला पाहिजे. फॉर्म लिहिणाऱ्यालाच वाचायला लावा, ट्रॉफीवर आयुष्यभर लक्षात राहील असं काही नसतं पण शेजारणीने भर सभेत काय वाचलं ते राहतं. नावाचं स्पेलिंग छापायच्या आधी त्या माणसालाच दाखवा. आम्ही एका बाईंना त्यांच्या जुन्या, सोडलेल्या आडनावाने स्टेजवर बोलावलं होतं, त्या आल्या, घेतला, खाली गेल्या, आणि नंतर कधी आमच्याशी बोलल्या नाहीत. विजेत्यांना पहिल्या रांगेत बसवा, पाहुण्यांना दुसऱ्या. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्याकडे स्टेज खाली जाऊ दे.

वाचनालयाच्या काकांना दुसऱ्या वर्षी पुरस्कार ठरला, पण ते आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, संध्याकाळी वाचनालय उघडं असतं, कसं येणार. मग कार्यक्रम झाल्यावर आम्ही सगळे तिकडे गेलो, त्यांनी आधी आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या, आणि मानपत्र हळू वाचा म्हणाले, आत दोन मुलं अभ्यास करत होती.

संपल्यावर दोन कामं राहतात. ज्यांची नावं आली पण निवड झाली नाही, आणि ज्यांना आपलं नाव आलंय हे माहितीये, त्यांना चार ओळींचं पत्र पाठवा, त्यात फॉर्ममधलं एखादं वाक्य जसंच्या तसं टाका, कुणीतरी तुमच्याबद्दल हे लिहिलंय म्हणून. आणि सगळे फॉर्म, ज्युरीचे मार्क, ईमेलचा पासवर्ड एका फाइलमध्ये घालून पुढच्या कमिटीकडे द्या. चांगले फॉर्म दोन वर्षं चालू ठेवा, परत लिहायला लावू नका. आमच्या एका सेक्रेटरीच्या कपाटात तीन वर्षांचे फॉर्म पडून होते, आणि त्यात त्या काकांचंही नाव निघालं, आमच्या पहिल्या कार्यक्रमाच्याही आधी कुणीतरी लिहून दिलेलं.