दहा मीटर एअर पिस्तूलसाठी छर्रे कसे निवडावेत

नवं एअर पिस्तूल हातात आलं की पोरं सगळ्यात महागडा डबा मागवून मोकळी होतात. मी मात्र सगळ्यांना एकच सांगतो: छर्रा तुमच्या पिस्तुलाच्या नळीला आवडला पाहिजे. किमतीवरून ते कळत नाही, कागदावर भोकं पाडूनच कळतं.

आधी आकार बघा. या खेळात कॅलिबर ४.५ मिमी, म्हणजे .१७७. छर्रा सपाट तोंडाचाच घ्या. तो कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुण मोजताना वाद होतो.

मग वजन. पिस्तुलासाठी ०.४५ ते ०.४९ ग्रॅम, रायफलसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपास. पिस्तुलाची नळी आखूड आणि हवेचा जोर बेताचा. जड छर्रा नळीत जास्त वेळ रेंगाळतो, तेवढ्यात मनगट हललं की नेम गेलाच. म्हणून सुरुवात हलक्याने करावी. तरी चाचणीत एक जड प्रकार ठेवाच, कारण एखाद्या नळीला तोच मानवतो.

डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे दिसतील. तो छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास. नवशिक्याने यात फार डोकं घालू नये. रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे ०.५ मिमीचा ठिपका, पिस्तुलात ते ११.५ मिमी असतं. भोकाची कड त्या वर्तुळाच्या रेषेला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून ८ मिमी सरकलं तरी चालतं. तुमचा हात यापेक्षा जास्त हलत असेल, तर शतांश मिलिमीटरवर पैसे घालण्यापेक्षा सरावाला घाला.

आता चाचणी. आरडब्ल्यूएस आर १०, एच अँड एन फिनाले मॅच आणि एखादा स्वस्त सरावाचा छर्रा, असे तीन प्रकार पुरेत. पुण्या-मुंबईहून कुरिअरने आलेला डबा आधी टेबलावर मऊ कापड पसरून त्यावर हलकेच ओता. प्रवासात आदळआपट होऊन छर्ऱ्यांचा मागचा पातळ घेर चेपतो. हवा अडवायचं काम त्याच घेराचं, त्यामुळे चेपलेला छर्रा भरवशाचा नाही. शंका आली तर काचेवर घरंगळवा; चांगला छर्रा एका सुरेख वळणाने जातो, वाकडा मध्येच अडखळतो.

सोलापुरात उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर वारा आणि झळा दोन्ही असतात, तिथे चाचणी नको. रेंजवर करा, नाहीतर दहा मीटरची बंद जागा बघा. टार्गेटमागे लोखंडी पेटी हवी, आणि तिच्या मागे जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून सैल टांगा, म्हणजे चुकार छर्रा भिंतीवरून उसळून येत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. पिस्तुलाखाली वाळूची पिशवी ठेवा, हात टेकवा. छर्रा बदलल्यावर पहिले दहा-पंधरा नुसते सोडून द्या, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्या. मग प्रत्येक प्रकाराचे पाच-पाच, निदान तीन कागदांवर. सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजून त्यातून ४.५ वजा करा. ज्याचा आकडा तिन्ही कागदांवर सारखा लहान येतो तो तुमचा छर्रा. एकाच कागदावर चमकणाऱ्यावर भाळू नका.

निवड झाली की त्याच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, तीन-चार डबे एकदम घ्या. स्पर्धेत ६० नेम आणि वर सरावाचे, म्हणजे पाचशेचा डबा सहा-सात वेळा पुरतो. लॉट बदलला की चाचणी पुन्हा.

छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरू नका आणि हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. आणि पाखरांवर नेम धरणं नाहीच. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्या दाराशी आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा तिथे जसा लागू, तसाच तुमच्या अंगणातल्या झाडावरच्या पोपटालाही.