हिरवा ठिपका आणि 'लास्ट सीन': या चुका टाळा

रात्री पावणेबारा. मैत्रिणीच्या नावाखाली 'ऑनलाइन', माझ्या मेसेजपुढे दोन राखाडी टिका. वीस मिनिटं मी तो स्क्रीन बघत बसले आणि 'मुद्दाम टाळतेय' असं मनाशी पक्कं करून टाकलं. दोन दिवस अबोला. ती त्या वेळी वडिलांचे रिपोर्ट डॉक्टरांना पाठवत होती. माझं चॅट तिनं उघडलंच नव्हतं. आजही आठवलं की वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक हीच. व्हॉट्सॲपवर 'ऑनलाइन' म्हणजे ॲप समोर उघडं आहे आणि इंटरनेट जोडलेलं आहे, बस. ती व्यक्ती कोणाशी बोलतेय, तुमचा मेसेज वाचलाय का, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

पूर्वी असा गोंधळ कमी व्हायचा. १९९६ साली संगणकावर गप्पा मारायचं आयसीक्यू आलं, १९९७ साली तसंच एओएल कंपनीचं मेसेंजर. तिथे 'जेवायला गेलोय' ही पाटी माणूस स्वतः लावायचा. फोन खिशात आला आणि हे काम ॲपनं आपल्या हातून काढून घेतलं. इन्स्टाग्रामवर 'आत्ता ॲपवर आहे' असं सांगणारा हिरवा ठिपका २०१८ मध्ये आला. आता आपण तोंड उघडायच्या आत ॲपच आपल्या वतीनं 'आहे' म्हणून सांगून टाकतं, आणि मला हे खटकतं.

'लपवलं, तरी दिसतंय!'

लास्ट सीन (ॲप शेवटचं कधी उघडलं ती वेळ) बंद केलं म्हणजे 'ऑनलाइन'ही गेलं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. व्हॉट्सॲपनं 'ऑनलाइन' लपवायची सोय ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केली, आणि ती वेगळी निवडावी लागते. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये 'ऑनलाइन'खाली 'लास्ट सीनप्रमाणेच' हा पर्याय आहे. तिथे 'सगळे' राहिलं असेल तर तुम्ही दिसणारच. शिवाय स्वतःचं लपवलंत की दुसऱ्यांचंही दिसेनासं होतं. निळ्या टिका बंद केल्या तरी ग्रुपमध्ये त्या चालूच राहतात, आणि व्हॉइस मेसेज ऐकल्याचंही समोरच्याला कळतं.

फेसबुकवर आणखी एक भानगड. मेसेंजरमध्ये 'ॲक्टिव्ह स्टेटस' बंद केलं, पण लॅपटॉपवर चालू राहिलं, तर ठिपका दिसत राहतो. जिथे जिथे लॉगिन आहे, तिथे तिथे बंद करा.

'लास्ट सीन गायब, म्हणजे ब्लॉक केलं'

घाई नको. समोरच्यानं ते सगळ्यांपासूनच लपवलं असेल, किंवा तुम्हीच तुमचं लपवलं असेल. टेलिग्रामवर 'नुकतेच पाहिले' हे शब्द एका सेकंदापासून दोन-तीन दिवसांपर्यंत कशालाही लागू पडतात. सिग्नलवर तर लास्ट सीन नसतंच. शंका असेल तर सरळ फोन करा.

आणि एक कळकळीची विनंती: दुसऱ्याचं लपवलेलं लास्ट सीन दाखवतो म्हणणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नका. त्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला लावला, तर तुमचं अख्खं खातं, सगळी चॅट्स, परक्याच्या हाती जाऊ शकतात. आधी असं काही केलं असेल तर आत्ताच व्हॉट्सॲपमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा आणि ओळखीचं नसलेलं प्रत्येक डिव्हाइस लॉगआउट करा.