जपानी 'टी-हाऊस'ला नेमकं काय म्हणायचं?

इंग्रजी पुस्तकात 'टी-हाऊस' दिसलं की आपण 'चहागृह' लिहून मोकळे होतो. जपानीत त्या एका शब्दाखाली निदान पाच तऱ्हेच्या जागा येतात, आणि त्यांतल्या काहींत चहा निव्वळ निमित्ताला असतो. अनुवाद करत असाल, प्रवासवर्णन लिहीत असाल किंवा तिथे जाऊन पत्ता विचारणार असाल, तर आधी एवढंच बघा: लोक तिथे जातात कशाला?

१. चहाचा विधी असेल तर 'चाशित्सु'. 'शित्सु' म्हणजे खोली, पण बागेत वेगळी उभी असलेली छोटी वास्तूही चाशित्सुच. तिचं नेहमीचं माप साडेचार तातामी. एक तातामी चटई साधारण सहा फूट बाय तीन फूट. क्योतोजवळ यामाझाकीला 'ताइआन' आहे. ते चहाविधीचे थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांचं मानलं जातं आणि त्यात चहाची जागा अवघी दोन तातामींची आहे. अशा खोलीचं पाहुण्यांचं दार, म्हणजे निजिरिगुची, जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं. सामुराई असो की व्यापारी, गुडघ्यांवर सरकतच आत जायचं.

२. वाटेवरचा विसावा असेल तर 'चाया'. छोट्या टपरीवजा जागेला 'चामिसे'ही चालतं. जुन्या तोकाइदो मार्गावर हाकोनेच्या घाटात गवती छपराचं आमाझाके-चाया अजून चालू आहे. आमाझाके म्हणजे तांदळाचं गोडसर पेय. आपल्या घाटातल्या टपरीचं हे जपानी भावंडच. समासात 'चाया'चं पुष्कळदा 'जाया' होतं. तोक्योतल्या सांगेनजाया या भागाचं नाव तिथल्या तीन चायांवरून पडलं.

मात्र हा शब्द पुढे बराच भरकटला. सुमोच्या आखाड्यात तिकिटं आणि खाणंपिणं पुरवणारे 'सुमोजाया' असतात, आणि क्योतोच्या शुगाकुइन या राजघराण्याच्या उद्यानाचे तीन भागही 'ओचाया' म्हणून ओळखले जातात. म्हणून जुन्या मजकुरात 'चाया' दिसलं की लगेच टपरी समजू नका.

३. गेइशा असतील तर 'ओचाया'. सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. 'ओ' हा आदराचा उपसर्ग, पण तो लागला की अर्थच पालटतो. क्योतोच्या गिओनमधल्या ओचायात संध्याकाळी गेइको (तिथे गेइशांना हेच म्हणतात) आणि माइको (शिकाऊ गेइको) येतात. नाच, गाणं, गप्पा आणि साके (तांदळाची दारू) असा बेत असतो. त्या तिथे राहत नाहीत, त्यांचं घर म्हणजे 'ओकिया'. जेवणही बहुतेकदा बाहेरच्या खानपानवाल्याकडून मागवतात. ओचायाची मालकीण जागा देते, सगळ्यांची सांगड घालते आणि हिशेब ठेवते. ओळखीच्या माणसाशिवाय नवख्याला सहसा प्रवेश नाही. आतून कसं असतं ते पाहायचंच असेल तर कानाझावातलं 'शिमा' बघा. १८२०चं हे ओचाया आता संग्रहालय आहे.

आणखी एक गंमत म्हणजे रोजच्या बोलण्यात 'ओचाया-सान' हा चहापत्ती विकणारा दुकानदारही असतो. सकाळी डबा भरून चहा आणायला गेलेली आजी गिओनला गेलेली नसते! संदर्भ बघूनच ठरवा. लिहिताना पत्तीच्या दुकानाला 'चाहो' म्हटलंत तर गोंधळ टळेल.

४. कॉफी आणि टोस्ट असेल तर 'किस्सातेन'. 'किस्सा'चा शब्दशः अर्थ चहापान, पण टेबलावर येते ती बहुतेकदा कॉफी. नागोयात सकाळी कॉफीच्याच पैशात टोस्ट आणि उकडलेलं अंडं मिळतं, त्याला 'मॉर्निंग' म्हणतात. दारू न देणारं जुन्या वळणाचं दुकान म्हणजे 'जुनकिस्सा'. याला मराठीत चहागृह लिहू नका, कॅफे लिहा.

५. गोड खायला जात असाल तर 'कानमीदोकोरो'. आनमित्सु (जेली, फळं आणि गोड पुरण), झेनझाई (लाल बियांचं गोड सूप), सोबत माचा (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा).

६. पाटीवर भिस्त ठेवू नका. 'साबो' आणि 'सार्यो' ही चहाची ठिकाणं खरी, पण हल्ली ही नावं ऐटीसाठीही लावतात. शेवटी 'तेइ' किंवा 'आन' असलं तर दाराबाहेरचं मेन्यूकार्ड आधी वाचा, कारण 'आन' लावणाऱ्यांत सोबा नूडल्सची दुकानंही भरपूर आहेत.